फुटणारं मडकं

फुटणाऱ्या वस्तूंचा इतका राग राग करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही, आणि धंदा मात्र त्याने निवडला मडक्यांचा. आमच्या शाळेत ते ड्रॉइंगचे सर आणि मी भूगोलाचा. माणसांची नावं लक्षात ठेवणं म्हणजे डोक्याची नासाडी, असं त्यांचं ठाम मत होतं, म्हणून ते सगळ्यांना विषयावरून हाका मारत. मी 'भूगोल', माझ्या शेजारी बसणारा 'गणित', आणि हेडमास्तर काहीच शिकवत नसल्यामुळे त्यांना नुसतं 'अहो'. निवृत्तीच्या निरोप समारंभात शाळेने त्यांना काचेची तसबीर दिली, ती घरी नेईपर्यंत तडकली. त्या दिवसापासून त्यांनी फुटणाऱ्या वस्तूंविरुद्ध युद्धच पुकारलं. विदर्भातल्या आमच्या मालेगावहून वाशीमकडे जाणाऱ्या रस्त्यालगत त्यांचं घर आहे. त्याच्या मागे टिनाचं शेड उभं राहिलं, त्यात विजेवर फिरणारं चाक आलं आणि लोखंडी कपाटाएवढी भट्टी आली. "बाराशे डिग्रीवर भाजतो, भूगोल," ते मला म्हणाले. "मातीचा गोटा होते, गोटा! माह्या हातचा कप माह्या नातवापरंत टिकन." त्यांना मूलबाळ नव्हतं. दारात तांदूळ निवडत बसलेल्या त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मान वर न करता म्हणाल्या, "नातू कोनाचा आनता? भूगोलाचा?"

बोटाच्या पेराने वस्तू वाजवून पाहायची त्यांना खोड होती. मडकं वाजवून घेण्यात विशेष काही नाही, आपण सगळेच घेतो. पण सर दिसेल ते वाजवत. कलिंगड, दार, बसमधली सीट, लग्नातला पितळी हंडा. एकदा नव्या तलाठ्याशी ओळख करून दिली, तर त्याच्या हेल्मेटवर टकटक करून म्हणाले, "कच्चं हाये." 'कच्चं' ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी शिवी. त्यांच्या रविवारच्या वर्गात येणाऱ्यांना पहिले चार रविवार चाकाला हात लावायला मिळत नसे, नुसती माती तिंबायची. पाचव्या रविवारी पहिलं भांडं झालं की सर ते कौतुकाने उचलत, चहूबाजूंनी पाहत आणि पुन्हा चिखलाच्या टाक्यात टाकत. त्या तलाठ्याची बायको त्या दिवशी रडत घरी गेली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसली. माणसाला शिकवायची त्यांची रीत ही अशी होती, आणि गंमत म्हणजे लोक शिकत.

विक्रीच्या बाबतीत मात्र आनंदच होता. पोहरादेवीच्या यात्रेत त्यांनी कपबश्यांचं दुकान मांडलं तेव्हा मी सोबत होतो. सर दर पाच मिनिटांनी एक कप डोक्यावर धरत आणि खाली सोडत. कप टणकन उडे, लोक टाळ्या वाजवत. सर्कशीला जमावी तशी गर्दी जमली, पण कप कोणी घेईना. कप घ्यायला आलेल्या एका बाईंना त्यांनी विचारलं, "घरी भांडे आपटता का?" बाई तरातरा निघून गेल्या. संध्याकाळी सगळा माल जसाच्या तसा परत बांधताना सर समाधानाने म्हणाले, "एकबी फुटला नाही."

भट्टी उघडली की पहिलं भांडं वहिनींच्या हातात जाई. त्या ते फिरवून पाहत आणि म्हणत, "ठीक हाये." इतक्या वर्षांत याहून जास्त शब्द त्यांनी खर्च केले नाहीत. सर मात्र दर वेळी परीक्षेला बसल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे पाहत उभे असत.

मग तो प्रकार घडला. गावातला म्हातारा कुंभार मुलाकडे मंगरूळपीरला राहायला गेला होता, आणि इकडे गल्लीतले एक आजोबा वारले. तिरडी बांधून झाली तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं की पाण्याचं मडकंच नाही. चितेला तीन फेऱ्या मारायच्या, प्रत्येक फेरीला मडक्याला दगडाने एक भोक पाडायचं आणि शेवटी ते खांद्यावरून मागे टाकून फोडायचं, वळून पाहायचं नाही. मडक्याशिवाय प्रेत हलणार कसं? लोक सरांकडे धावले. सरांनी भल्या मनाने शेडमधलं सगळ्यात चांगलं मडकं काढून दिलं.

पहिल्या फेरीला दगड मारला तर खणकन आवाज आला आणि दगडाचाच टवका उडाला. दुसऱ्या फेरीलाही तेच. तिसऱ्या फेरीनंतर मोठ्या मुलाने रडत रडत मडकं मागे टाकलं. ते आपटलं, उडालं, पाणी सांडत उतारावरून गडगडत आलं आणि सरांच्या पायाशी येऊन थांबलं, धडधाकट. सगळे मडक्याकडे बघू लागले. सरांचा चेहरा उजळला आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पाह्यलं? म्या म्हनलं व्हतं न!"

त्यांना तसं म्हणायचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण शब्द गेला होता. शेवटी कोणीतरी पहार आणून ते मडकं फोडलं. गेलेल्या आजोबांचा जीव घरातच अडकला असं बायका बोलू लागल्या, आणि खापर सरांच्या माथी आलं. रविवारचा वर्ग ओस पडला. ज्या थोड्या लोकांनी कप घेतले होते, त्यांनी ते सकाळी सरांच्या ओट्यावर परत आणून ठेवले, एकही न फुटलेले. मीही दोन महिने त्या रस्त्याने गेलो नाही. हे लिहिताना मला लाज वाटते.

गेलो तो वहिनींच्या आजाराची बातमी कळली तेव्हा. पोटात गाठ होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि शिवून टाकलं. घरी न्या, म्हणाले. वहिनी ओसरीत बाजेवर पडल्या होत्या, अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं. सर पायाशी बसले होते. मला पाहून वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आले. यायले सांगा जरा. मले एक मडकं पायजे. फुटनारं."

"काहीतरीच बोलते," सर म्हणाले.

"काहीतरी नाही. माह्या टायमाले बी नाही फुटलं, तं लोक हासतीन तुमाले. मी नसन मंग भांडाले."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसने मंगरूळपीरला गेलो. म्हाताऱ्या कुंभाराने सगळं ऐकून घेतलं. सरांचा एक कप वाजवून पाहिला आणि म्हणाला, "सर, तुमी तं मातीले मरूच देत नाही." मग त्याने समजावलं: मातीत राख घाला, भिंत पातळ ठेवा, आणि त्या कपाटासारख्या भट्टीत घालू नका, गोवऱ्यांच्या आव्यात, उघड्या जाळावर, थोडकं भाजा. थोडक्यात, कच्चं ठेवा. ज्या शब्दाची आयुष्यभर शिवी केली, तोच धडा सर मांडीवर हात ठेवून पहिलीतल्या पोरासारखे शिकत होते.

पुढचे पंधरा दिवस सकाळी सकाळी त्या अंगणात जे चाललं, ते पाहून शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. सर खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन अंगणात तीन फेऱ्या मारायचे. मी दगडाने भोक पाडायचो. मग ते पाठमोरे उभे राहून मडकं मागे टाकायचे आणि विचारायचे, "किती तुकडे झाले?" मागे पाहायचं नाही, हा नियम ते सरावातही पाळत. बाजेवरून वहिनी मोजायच्या. "दोनच. नापास." पुन्हा माती, पुन्हा आवा. "चार. अजून जाड हाये." एकदा मडकं खांद्यावरच फुटलं आणि सर नखशिखान्त भिजले, तेव्हा वहिनी इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. जिवंत माणसासमोर त्याच्याच मरणाची तालीम चालली होती, आणि त्या घरात इतका हसण्याचा आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. शेवटचं मडकं त्यांनी फोडू दिलं नाही. जवळ मागितलं, बारीक झालेल्या बोटाने वाजवलं. भद्द आवाज आला. "ठीक हाये," म्हणाल्या.

चौथ्या दिवशी त्या गेल्या.

मडकं सरांनीच खांद्यावर घेतलं, दुसरं होतं कोण? अख्खा गाव आला होता. कोणी दुःखाने, कोणी मडक्याचं काय होतं ते पाहायला. दगड मी मारला. पहिल्याच घावाला भोक पडलं आणि पाण्याची धार सरांच्या पाठीवरून वाहू लागली. तीन फेऱ्या झाल्या. सर पाठमोरे उभे राहिले आणि हात सोडला. फार मोठा आवाज झालाच नाही. लोक निघाले, पण सर हलेनात. मान ताठ ठेवून, समोर बघत त्यांनी हळूच विचारलं, "भूगोल, किती तुकडे झाले?"

मी वळून पाहिलं. पाहायचं नसतं, पण पाहिलं. "मोजता येत नाहीत, सर," मी म्हणालो. मग त्यांनी डोळे पुसले आणि चालू लागले.

आता पंचक्रोशीतली ती मडकी सरच करून देतात. कप करणं त्यांनी सोडलं. आव्यातून माल निघाला की त्यातलं एक मडकं ते अंगणात, रिकाम्या बाजेकडे पाठ करून, खांद्यावरून मागे टाकतात आणि थोडा वेळ तसेच उभे राहतात. मी असलो तर मोजतो. परवा होतो. "सहा," मी म्हणालो.

"कमी हाये," सर म्हणाले, आणि दुसरं आणायला आत गेले.