नववीतून गेलेली अकरा मुलं

"जनरल रजिस्टर कपाटात नाही," हेडक्लार्कने तिसऱ्यांदा सांगितलं.

"मग मी ते येईपर्यंत बसते," मी म्हणाले.

जनरल रजिस्टर म्हणजे शाळेची जन्मकुंडली. कोणतं मूल कधी आलं, कधी गेलं, का गेलं, सगळं त्यात असतं. ते हरवत नाही. हरवलं तर हेडमास्तरची नोकरी जाते. दहा मिनिटांत ते सापडलं.

मी तेव्हा साताऱ्यात शिक्षण खात्यात होते. शाळांची तपासणी हे माझं काम. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली, त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. शहरातल्या या खासगी शाळेचा निकाल तेव्हापासून दरवर्षी शंभर टक्के. पेपरात फोटो यायचे. प्रवेशासाठी आमदारांच्या चिठ्ठ्या यायच्या.

शिकवणं खरंच चांगलं होतं, हे आधीच सांगते. सकाळी मी गणिताचा तास पाहिला. असा तास मी जिल्ह्यात फार थोड्या ठिकाणी पाहिला होता.

रजिस्टरवर बोट फिरवत गेले. त्या वर्षी सहामाही परीक्षेनंतरच्या महिन्यात नववीतून अकरा मुलांनी शाळा सोडली होती. कारणाच्या रकान्यात अकरा वेळा एकच शेरा, 'पालकांच्या विनंतीवरून'. दाखला द्यायला पालकांचा अर्ज लागतो. मी अर्ज मागवले. अकरा अर्ज, अकरा वेगळ्या सह्या, अक्षर मात्र एकाचंच. मजकूरही तोच, 'घरगुती अडचणीमुळे'.

मी एक पत्ता वहीत उतरवून घेतला आणि बाहेर आले.

व्हरांड्यात बाकावर एक गृहस्थ ताठ बसले होते. शेजारी दोन वेण्या घातलेली मुलगी. कोरेगावकडचे ऊसवाले शेतकरी, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. जूनमधल्या प्रवेशासाठी आत्तापासून शाळा बघायला आले होते. मी तपासणीला आलेय, हे त्यांना शिपायाकडून कळलं होतं.

"आवं बाई, तुमी सरकारी मान्सं. खरं काय ते सांगा. आमच्या सुमनला आठवीला हितं घालू, का सांगलीला तिच्या आत्याकडं ठिवू? तिथली शाळा बरी हाय म्हणत्यात, पर निकाल हितल्यावानी न्हाई."

"तपासणी चालू असताना मला मत देता येत नाही," मी म्हणाले. "पण हेडमास्तरांना एक प्रश्न तुम्ही विचारू शकता. गेल्या वर्षी दहावीला बसलेली मुलं आठवीत असताना वर्गात किती जण होते?"

त्यांनी तो प्रश्न स्वतःशी एकदा म्हणून बघितला. "इचारतो," म्हणाले.

मधल्या सुट्टीत मी बाजारपेठेत गेले. पत्त्यावर बांगड्यांचं दुकान होतं. मालक रशीदभाई. मी अर्जाचं विचारलं.

"अर्ज? मी कवा अर्ज केला?" ते म्हणाले. "क्लार्कनं कागद पुढं केला. सही करा, न्हाईतर नापासाचा शेरा मारून दाखला देतो, म्हणाला. मी केली सही. पोरीच्या नावावर डाग कशाला?"

"आता कोणत्या शाळेत आहे?"

"वर्षाच्या मधीच कोण घेतंय, बाई? घरीच हाय."

त्यांची मुलगी नसीम आतून आली. सहामाहीत बीजगणितात नापास झाली होती. बाकी सगळ्या विषयांत पास.

"परत जायचंय का?" मी विचारलं.

तिने वडिलांकडे पाहिलं. "जायचंय. पण फळ्यावर नाव नको."

शाळेच्या दारात एक फळा होता. दर सोमवारी त्यावर चाचणीचे नंबर लागायचे, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत, नावानिशी. सकाळी मी त्याच्यासमोरूनच आत गेले होते आणि मला तो आवडलाही होता.

परत आल्यावर मी हेडमास्तरांसमोर अर्ज ठेवले.

"बाई, कच्ची मुलं दहावीपर्यंत नेली तर शाळेचं नाव जातं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. त्यांना ते पटलेलं होतं. "पालकांनाच शंभर टक्के हवे असतात."

तेवढ्यात सुभेदार परवानगी घेऊन आत आले आणि उभ्यानेच त्यांनी प्रश्न विचारला.

हेडमास्तरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "ती माहिती काढावी लागेल," म्हणाले.

"काढा की. मला घाई न्हाई."

माहिती निघाली नाही. पण सुमन मधल्या सुट्टीत नळावर मुलींशी बोलून आली होती. ती वडिलांच्या मागून म्हणाली, "आबा, हितल्या पोरी एकमेकींपासनं वह्या लपिवत्यात. एकीला इचारलं, तुझी मैत्रीण कोण? तर म्हणली, माझा तिसरा नंबर हाय."

सुभेदारांनी टोपी घातली. "चल," ते म्हणाले. "सांगलीची गाडी घावती का बघू."

मी अहवालात सगळं लिहिलं. संस्थेचे अध्यक्ष दुसऱ्याच आठवड्यात आमच्या साहेबांकडे पोचले. साहेबांनी मला बोलावून तासभर झाडलं आणि मग अहवालावर सही केली. अकरांपैकी सात मुलं परत वर्गात बसली. बाकीच्यांची घरं तोवर दुसऱ्या वाटेला लागली होती. फळा मात्र तसाच राहिला. तो काढायला लावणारा नियम माझ्याकडे नव्हता.

पुढच्या वर्षी नसीम दहावी पास झाली. बीजगणितात काठावर, पण पास. दोन मुलं नापास झाली आणि शाळेचे शंभर टक्के गेले.

"बाई, जिल्ह्यातली एक शंभर टक्केवाली शाळा तुम्ही कमी केलीत," साहेब म्हणाले.

"साहेब, मुलं वाढवली," मी म्हणाले. त्यांनी पुढची फाइल उघडली.

सुमनला सांगलीत दहावीला अठ्ठावन्न टक्के पडले. साताऱ्यात कदाचित जास्त पडले असते. सुभेदार पेढे द्यायला ऑफिसात आले, तेव्हा हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. "पडलं असतं की," ते हसून म्हणाले. "पर पोरगी सुट्टीला येताना दोन मैत्रिणी घिऊन येती, त्यांच्या चहापाण्याला आमची म्हस पुरत न्हाई."

निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली. अजूनही लोक शाळा कोणती चांगली, ते विचारायला येतात. मी नाव सांगत नाही. मुलाला सोबत न्या आणि अर्धा तास मैदानावर सोडा, एवढंच सांगते. बहुतेक जण मान डोलावतात आणि एकटेच जाऊन माहितीपत्रक घेऊन येतात.