सहाच्या सहा डावखुऱ्या

बर्लिनमधली माझी पहिली नोकरी छायाचित्रांच्या एका संग्रहालयात होती. काम साधं. जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायच्या आणि फोटोत दिसतं तेवढंच दोन ओळींत लिहायचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यात जर्मनीतली मास्टर्स. त्यामुळे गावी कुणी विचारलं तर मी ‘स्कॅन करते’ म्हणत नसे, ‘डिजिटल आर्काइव्हमध्ये आहे’ म्हणायचे. आणि इथे ऑफिसात कुणी आईबद्दल विचारलं की ‘हॉटेल लाइनमध्ये होती’. तेही खोटं नव्हतं. महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत तिनं सव्वीस वर्षं इस्त्री केली.

इथे नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेत्साईट, म्हणजे प्रोबेशन, असतो. त्यात पसंत पडला नाहीत तर दोन आठवड्यांत बाहेर. माझा व्हिसा याच नोकरीवर होता. पाचवा महिना संपत आला तेव्हा माझ्या टेबलावर कॅसिनोची पेटी आली.

अमेरिकेतल्या वाळवंटात बांधलेलं जुगाराचं मोठं हॉटेल. इथल्या एका फोटोग्राफरनं तिथं राहून फोटो काढले होते. हॉटेल पुढे सुरुंग लावून पाडलं, निगेटिव्ह राहिल्या. पोहण्याचा तलाव, ट्रकमधून आणून लावलेली ताडाची झाडं, भर दुपारी पत्त्यांच्या टेबलाशी कोट घालून बसलेले लोक. आमची प्रमुख त्यातले चाळीस फोटो प्रदर्शनाला लावणार होती.

निगेटिव्हची एक बाजू चकचकीत असते, एक मंद. ठेवताना बाजू चुकली तर फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. म्हणून प्रत्येक पट्टी दिव्याखाली तिरकी धरून बघायची, असा नियम. मी तो दोन दिवस पाळला. मग लक्षात आलं, या पेटीत जिथं तिथं अक्षरं आहेत. पाट्या, मेनू, मशिनवरची नावं. स्क्रीनवर ती नीट वाचता आली की पट्टी बरोबर. तिरकं धरणं मी बंद केलं. काम भराभर उरकू लागलं. प्रमुख म्हणाली, “वेग चांगला आहे तुझा.” मला ते आवडलं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत आईचा व्हिडिओ कॉल आला.

“काय काम करतेस ते दाखव तरी एकदा.”

मी फोन स्क्रीनकडे वळवला. तलाव बघून ती म्हणाली, “वाळवंटात एवढं पाणी? टँकर लावले असतील.” जुगाऱ्यांकडे तिनं फारसं बघितलं नाही. मग तिला आवडेल म्हणून लॉन्ड्रीचे फोटो उघडले. एका ओळीत सहा बायका, समोर चादरी, हातात इस्त्र्या.

“थांब,” ती म्हणाली. “ह्या सगळ्या डावखुऱ्या कशा?”

“असतील.”

“असतील काय असतील? आमच्यात एकच होती. तिचं कोपर बाजूचीला लागायचं म्हणून तिला भिंतीकडचं टेबल दिलेलं. सहाच्या सहा कुठून आणल्या गं ह्यांनी?”

मी पेटीतून ती पट्टी काढून दिव्याखाली तिरकी धरली आणि स्क्रीनशी ताडून पाहिली. स्कॅन करताना बाजू चुकली होती, फोटो उलटा आला होता. लॉन्ड्रीत एकही पाटी नव्हती, त्यामुळे वाचायला काही नव्हतं.

त्यातले दोन फोटो चाळिसांत होते आणि सकाळीच छपाईला गेले होते.

“चुकलं का काही?” आईनं विचारलं.

“हो.”

“मग?”

“बघते.”

“बघते काय? चादर करपली की आम्ही साहेबाला नेऊन दाखवायचो. ढिगात दडवली की नेमकी पाहुण्याच्या पलंगावर निघायची, मग सगळ्यांनाच बोलणी. जा आधी.”

गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. हॉटेल नाही, त्या बायकाही बहुधा नसतील. मी कॉल बंद केला, पट्टी उचलली. मग प्रमुखबाईच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच सांगितलं, नियम मोडला होता हेसुद्धा.

तिनं आधी फोन करून छपाई थांबवली. नंतर माझ्याकडे बघितलं. “अशा आणखी किती?”

“अक्षरं नसलेल्या सगळ्या आज तपासते.”

“सगळ्याच तपास. बरं, हे तुझ्या लक्षात कसं आलं?”

“माझ्या नाही. आईच्या.”

तिनं दुरुस्तीचा फॉर्म पुढे ओढला. त्यात चूक कुणी दाखवली त्याचा व्यवसाय लिहावा लागतो. “आई काय करते?”

‘हॉटेल लाइनमध्ये’ तोंडात आलं होतं. “हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची,” मी म्हणाले. “सव्वीस वर्षं.”

“गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली आणि तसंच लिहून घेतलं.

आणखी तीन पट्ट्या उलट्या सापडल्या. सहावा महिना मी रोज पट्ट्या तिरक्या धरण्यात काढला. तो संपला तेव्हा प्रमुखबाईनं मला कायम केल्याचा कागद दिला.

सुलटा केलेला फोटो मी आईला पाठवला. इस्त्र्या आता उजव्या हातात होत्या. तिचा लगेच फोन आला.

“हां, आता बरोबर. पण ती तिसरी बघ. काठाला चुणी ठेवलीय तिनं.”