शेजारच्या आजींचा देश

अमेरिकेत नोव्हाय या गावी आमच्या शेजारी एक एस्टोनियन आजी राहायच्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आईबरोबर होडीतून देश सोडला, तेव्हा त्या अगदी लहान होत्या. मागच्या वर्षी त्यांना स्ट्रोक आला आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. उरली ती फक्त लहानपणीची भाषा.

"आईनं मला ती कधी शिकवलीच नाही," त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियाहून फोनवर म्हणाला.

भेटायला जाण्याआधी मी त्या देशाबद्दल मिळेल ते वाचून काढलं. निम्मा देश जंगल, समुद्रात असंख्य बेटं, लोकसंख्या आमच्या नागपूरपेक्षाही कमी. मतदान घरबसल्या कॉम्प्युटरवर, सरकारी कामं ऑनलाइन, सॉफ्टवेअरच्या कंपन्या जोरात. एवढं सगळं कळलं, पण 'कुठे दुखतंय?' हे काही विचारता येईना.

त्यांना आता ठेवलं होतं त्या नर्सिंग होममध्ये त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि काहीतरी विचारलं. मी फोनवरचं भाषांतराचं ॲप पुढे केलं, पण त्यांची जीभ जड झालेली. ॲपनं नुसतं 'दार' एवढंच दाखवलं. मी दार उघडलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पाणी दिलं, तेही नको. पुन्हा तोच प्रश्न, आता रडत.

"रोज असंच चालतं," नर्स म्हणाली.

शेवटी मी मराठीतच म्हटलं, "हो आजी, हो." त्या एकदम शांत झाल्या. मी कशाला हो म्हटलं, देव जाणे.

काही दिवसांनी त्या गेल्या. मुलानं फोनवर विचारलं, "आई शेवटी काय विचारत होती?"

"ते कळलं नाही," मी म्हणाले, "पण मी हो म्हटलं."