जेंकुये

इथे आखातात, आमच्या अल मनखूल वस्तीच्या चौकात आज गवत कापत होते. त्या ओल्या वासाने स्टेडियममधली एक संध्याकाळ आठवली.

इथल्या क्लबकडून खेळणाऱ्या पोलिश मिडफिल्डरचा तो शेवटचा सामना. गर्दी पांगल्यावर तो एकटाच मैदानातून बाहेर निघाला होता. ह्यांनी ऑफिसातल्या पोलिश मित्राकडून शिकलेला एकमेव शब्द जोरात ओरडून म्हटला, “जेंकुये!” म्हणजे धन्यवाद.

“अहो, लोक बघतायत!”

“बघू देत गं. परमुलखात आपली भाषा कानावर पडली की बरं वाटतं.”

तो थबकला. छातीवर हात ठेवून बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. मला तेव्हा हसूच आलं होतं.

आता हे नाहीत. मुलगा मायेने चौकशी करतो, पण इंग्रजीत. घरात मला ‘अगं’ म्हणणारं कुणी उरलं नाही.

आज त्या गवताजवळ मीही बराच वेळ उभी होते.