बाबांची बॅटरी

आमगावात एका कारागिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. माझं तिथं नेहमी जाणं व्हायचं. माणसांशी तो तुटक बोलायचा, बिघडलेल्या मशीनशी मात्र लाडानं, तेही हिंदीत. "चल बेटा, रूठ मत," म्हणत स्क्रू काढायचा. आपण घाई केली की ठरलेलं उत्तर यायचं, "पाहून राहिलो ना!"

माझी हार्ड डिस्क टकटक वाजू लागली, तेव्हा मी घाबरून त्याच्याकडेच गेले. बाबा दंडारीत, आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. ते गेल्यावर त्यांचा आवाज तेवढा त्या डिस्कवर उरला होता.

"बंद पडाच्या आधी नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवू," तो म्हणाला. "मधात लाइन गेली तं मुश्कील हाय."

काम अर्ध्यावर आलं आणि मे महिन्याच्या भर दुपारी लाइन गेलीच. इन्व्हर्टर जुना होता. त्यानं बाकीची मशीनं बंद केली, मग पंखाही.

"पंखा कायले बंद केला?" मी विचारलं.

"तुमच्या बाबाले लागते ना बॅटरी."

त्याचा शर्ट घामानं चिंब झाला होता. हातातल्या पुठ्ठ्यानं तो तापलेल्या जुन्या डिस्कला वारा घालत राहिला.

सगळं उतरलं, तेव्हा त्यानं एक गाणं लावून पाहिलं. बाबांची पहिली ओळ उमटली आणि त्यानं लगेच थांबवलं.

"इथं नका आयकू, ताई. घरी मायसंग आयका."

घरी आईनं डोळे मिटून ऐकलं. बाबा एका ओळीत चुकले, तशी ती नेहमीसारखी त्यांना रागावली.