जोतिराम मिस्त्रीचा कान

“हैदराबादला दोन दिवस राहून आलात, आन् एक गाडी बघितली न्हाय?”

“गाडी बघायची नसती, केरा. ऐकायची असती!”

होटगी रोडच्या गॅरेजात जोतिराम मिस्त्री डोळे मिटून इंजिनाचा रोग सांगायचा आणि हाताखालचा केरा पाने पुरवायचा. हैदराबाद शहरातल्या रस्त्यांवर कठडे लावून मोटारींची शर्यत होणार म्हटल्यावर तो मेव्हणीच्या पोरीचं लगीन बुडवून गेला होता. तिथंही सवयीनं डोळे मिटले आणि इंजिनांच्या गर्जनेची वाट बघत बसला. शुक्रवारी सरावाला नुसतीच घुंईघुंई. कुणीतरी शेंगाचटणी मिक्सरला लावली असेल, असं त्याला वाटलं. शनिवारी शर्यतीलाही तेच. टाळ्या ऐकून डोळे उघडले, तर जिंकणाऱ्याच्या गळ्यात हार!

“समद्या गाड्या विजेच्या. मुक्या! मी काय करू?”

“व्हय की! दारातली झीनतची रिक्षा बी मुकीच. आठ दिस झाले, हात लावत न्हाय तुमी. तिची चूल त्या रिक्षावर चालती. तिथल्या मुक्या गाड्या कोण दुरुस्त करतंय, तेवढं तरी बघितलं का?”

जोतिरामनं खुंटीवरचा चष्मा काढला, धोतराला पुसला, नाकावर चढवला आणि रिक्षाकडं निघाला.