गेट पासच्या फोटोवर जमलेलं लग्न

माझ्या बाबांना त्यांच्या सासऱ्यानं चोर समजलं होतं.
साधा नाही, जेलमधला!

अन् ही करामत ज्यांची, ते भिलाईतल्या सुपेल्याचे फोटोवाले नामदेवकाका आज सकाळी गेले.

सकाळपासून रडून राहिली मी, अन् मधातच हसू फुटून राहिलं.

भिलाईचा प्लांट उभा होत होता तेव्हाची गोष्ट. बाबा बांधकामावर. काका गेट पासचे फोटो काढायचे. ज्याचा फोटो, त्याच्या छातीवर पाटी. पाटीवर खडूनं नाव अन् टोकन नंबर.

भंडाऱ्याकडची एक पोरगी बाबांनी मावशीकडे पाहिली होती. मनात पार बसली होती. तिच्या घरून फोटो मागितला.

बाबांनी मागून आणलेला कोट घातला, केसाले तेल चोपडलं, ऐटीत फोटो काढला.

काकांनी तो बाजूला सारला.
"यात तू दिसूनच नाही राहिला बे. गेट पासवाला पाठव."
"अन् पाटी?"
"पाटीकडे कोन पाहते? चेहरा पाह्य!"

काका असेच. माणसाच्या चेहऱ्यापुढे त्यांना दुसरं काही दिसायचंच नाही.

आठ दिवसांत आजोबांचं, म्हणजे आईच्या बाबांचं, पत्र आलं. "कैद्याले पोरगी देत नाही."

बाबांचं जेवणच सुटलं. लग्न करीन त हिच्याशीच, नाही त नाहीच.

काकांना लई लागलं. दुकान बंद केलं अन् फोटोंचा गठ्ठा घेऊन थेट त्या गावात. आजोबांच्या खाटेवर सगळे फोटो मांडले. सगळ्यांच्या छातीवर पाटी.

"हे इंजिनीअर साहेब. हे डॉक्टर. हे बी चोरच का मामाजी?"

आजोबा पाहतच राहिले. मग असे हसले की खोकला लागला.

तेवढ्यात दाराआडून आई बोलली, "मले त पाटी दिसलीच नव्हती."

काका नाचतच परत आले. बाबांना म्हणे, "पोरगी नाही बे ते, फोटोग्राफर हाये!"

पुढं आमच्या घरचं एकही बारसं, एकही लग्न त्यांच्याशिवाय झालं नाही.

आज आईला सांगायची हिंमत होत नव्हती. ऐंशीच्या वर आहे, गुडघे गेलेत. शेवटी सांगितलं. तशी पदर सावरून उठलीच.

"आई, कावून उठून राहिली? तुले चालवत नाही."

"माह्या सोयरिकीसाठी नामदेवभाऊ एवढ्या दूर एकटे आले होते. मले सुपेल्यापर्यंत त जाऊ दे."

काका, रिक्षा आली. आम्ही दोघी निघालो.
शेवटचा नमस्कार घ्या.